मुकादम कोणाचा

माझी मावशी म्हणजे खुर्च्यांची डॉक्टर, असं तिच्या गल्लीतले लोक म्हणतात. फाटलेला सोफा, बसका झालेला कोच, स्प्रिंग वर आलेली आरामखुर्ची, अगदी दातांच्या डॉक्टरकडची ती आडवी करणारी खुर्चीसुद्धा, काहीही आणा. मावशी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारते, मग गुडघ्यांवर बसून खालून डोकावते आणि आधी ज्यानं ती दुरुस्त केली असेल त्याचा मनसोक्त उद्धार करते. काम तिनं तिच्या बाबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून घेतलं. दुकानही त्यांचंच. पुढे कामाची खोली, मागे राहायच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्न तिनं केलं नाही. "कोणी आलंच नाही असं नाही," ती सांगते, "पण जो यायचा तो आधी खुर्ची कधी मिळेल ते विचारायचा."

काम करताना तिच्या ओठांत सात-आठ चुका धरलेल्या असतात. चुका म्हणजे ते चपट्या डोक्याचे बारके खिळे. एकेक जिभेनं पुढे ढकलायची, चिमटीत धरायची, ठोकायची. त्यामुळे दिवसभर ती फारसं बोलत नाही आणि लोकांना वाटतं, बाई खडूस आहे. खडूस ती नाही. तिच्यात एकच गोष्ट वाईट आहे आणि ती तिनं स्वतः मला सांगितली, म्हणून इथे लिहिते. तिला हेवा वाटतो. साऱ्या जगाचा नाही. एकाच माणसाचा. ते माणूस म्हणजे माझी आई.

आई तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. घरात सगळे तिला चिमी म्हणत आणि मावशी अजूनही म्हणते, आईचे केस पांढरे झाले तरी. चिमीला लहानपणी काही मागावं लागलं नाही, असं मावशीचं म्हणणं. पाहुणे यायचे, चिमीला उचलून घ्यायचे. बाई वर्गात यायच्या, चिमीला जवळ बसवायच्या. चिमी काही करायची नाही, नुसती असायची. आणि मावशी पाणी आणून द्यायची, चपला सरळ करायची, पाढे म्हणून दाखवायची, तरी तिच्या वाट्याला "शहाणी आहे हो" एवढंच यायचं.

आजोबा शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते. मावशीनं त्यांचं सगळं केलं. दुकान चालवून केलं. आम्ही तेव्हा दुसऱ्या शहरात होतो, आई दोन-तीन महिन्यांनी चार दिवस येऊन जायची. आणि आजोबा त्यांना भरवणाऱ्या मावशीला घास गिळता गिळता विचारायचे, "चिमी कधी येणार गं?"

मावशीनं हे कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. घास भरवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "येईल हो."

मुकादम तिच्याकडे आला तो आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी. एका गिऱ्हाइकानं बरेच महिने बंद असलेल्या घरातला जुना सोफा टेम्पोत घालून पाठवला होता. मावशीनं तो उलटा केला, खालचं काळं कापड टराटरा फाडलं आणि काथ्याबरोबर एक पिल्लू तिच्या पायावर पडलं. करड्या रंगाचं, मूठभर, तांदळाच्या कणीएवढे दात. त्या घरी फोन केला, त्यांनी शोधलं, पिल्लाची आई कुठे सापडली नाही. मग पिल्लू राहिलं. चालायला लागल्यावर ते रोज सकाळी दुकानातल्या प्रत्येक खुर्चीवर चढून, वास घेऊन, पुढच्या खुर्चीकडे जायचं, कामावर देखरेख करायला नेमल्यासारखं. म्हणून मुकादम.

मांजराबद्दल मावशीला काहीच माहीत नव्हतं, पण गल्लीला सगळं माहीत होतं. समोरचा शिंपी म्हणाला, "दूध पाजा ताई, भरपूर. मांजराला दूध म्हणजे अमृत." मावशीनं दूध पाजलं. वाटीभर सकाळी, वाटीभर संध्याकाळी, तो मोठा होऊन चांगला धिप्पाड बोका झाला तरी. मधूनमधून त्याचं पोट बिघडायचं. बाहेर काहीतरी खाल्लं असेल, ती म्हणायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्याला कसलं डॉक्टर नि औषध! मांजर आपलं आपण बरं होतं, गवत खातं." आणि शिंप्यानंच तिला ते मोठं ज्ञान दिलं, जे तिनं पुढची चार वर्षं उशाशी घेऊन झोपावं तसं जपलं. "एक सांगतो ताई, मनाला लावून घेऊ नका. मांजर घराला जीव लावतं, माणसाला नाही. वाटी ओळखेल, देणारा हात ओळखणार नाही."

मनाला लावून घेण्यासारखं होतंच. मावशीचा त्याच्यावर भयंकर जीव. ती त्याला दिसेल तेव्हा उचलायची, तोंडाजवळ तोंड नेऊन डोळ्यांत डोळे घालून बोलायची, गळ्याशी आवळायची. तो पाठीवर लोळून पोट दाखवायचा, तेव्हा "हं, लाड करून घ्यायचेत वाटतं" म्हणून ती पोट चोळायला जायची आणि तो चारही पायांनी तिचा हात पकडून चावायचा. तिचे दोन्ही हात कायम ओरखड्यांनी भरलेले. तिच्या मांडीवर तो कधी बसला नाही. ती खोलीत आली की उठायचा, आळस द्यायचा आणि दुसऱ्या खोलीत जायचा.

भर म्हणून, मावशीच्या बसायच्या स्टुलावर त्याचा राग. दुकानात वीस प्रकारची कापडं पसरलेली असताना हा नेमका तिच्या स्टुलाची गादी कुरतडल्यासारखी ओरबाडायचा. तिनं ती तीन वेळा नवी शिवली. तिन्ही वेळा चिंध्या. "माझ्यावर सूड उगवतोय," ती मला फोनवर म्हणाली होती. "का, ते त्यालाच ठाऊक."

पण ती दुःखी नव्हती. कारण शिंप्याचं वाक्य होतं. मांजर कोणाचंच नसतं. मग ते माझं नाही यात काय विशेष? मावशीच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं कोणीतरी आलं होतं, जे तिच्यावर माया करत नव्हतं आणि दुसऱ्या कोणावरही करत नव्हतं. त्यात एक समाधान होतं. ती त्यात सुखात होती.

मग माझे वडील गेले आणि आठ महिन्यांनी आई मावशीकडे राहायला गेली. मी म्हणत होते माझ्याकडे ये, पण माझी एकच खोली आणि कामाच्या वेळा विचित्र. मावशी म्हणाली, "चिमी इथे येईल. मागची खोली रिकामीच आहे." आणि तिनं मनापासून म्हटलं होतं. आईसाठी तिनं खिडकीशी एक जुनी खुर्ची नव्यानं भरून ठेवली, हिरव्या मखमलीची.

आईला मांजरं आवडत नाहीत. लहानपणापासून नाही. ती त्या खुर्चीत जाऊन बसली, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवसांत ती तशीच बसायची, तासन् तास. बोलायची नाही, हलायची नाही, डोळे अर्धवट मिटलेले. मुकादम दारात आला. त्यानं लांबून तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो जवळ आला, तिच्या पायांचा वास घेतला, खुर्चीला एक वळसा घातला आणि टुणकन उडी मारून तिच्या मांडीवर गोल होऊन बसला.

मावशी चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती.

"अगं ताई, याला ने ना," आई म्हणाली. "मला शिंका येतील."

शिंका काही आल्या नाहीत. मुकादमही हलला नाही. मावशीनं कप खाली ठेवले. ती मला म्हणाली, "मला वाटलं, कोणीतरी माझ्या छातीत दाभण घातलं. बाबा गेले तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं."

त्या दिवसापासून घरात एक नवं काम सुरू झालं, ते म्हणजे मुकादम किती वेळ कुठे बसतो याच्यावर लक्ष ठेवणं. मावशी पुढे हातोडी मारता मारता कान मागे लावून असायची. मागून आवाज नाही, म्हणजे बसलाय तिच्यापाशी. काहीतरी निमित्त काढून आत जायची. कात्री विसरली, पाणी प्यायचंय. आणि बघायची. करड्या केसांचा तो गोळा हिरव्या मखमलीवर, आईचा एक हात सहज त्याच्या पाठीवर, तिचं लक्षही नाही. लक्ष नसण्याचाच मावशीला जास्त संताप यायचा. ज्या गोष्टीसाठी आपण चार वर्षं ओरखडे खाल्ले, ती हिच्या हाताखाली अशी पडून आहे, जशी बाजूला ठेवलेली शाल.

तिनं बाजारातून ताजी मासळी आणायला सुरुवात केली. मुकादम मासळी खायचा, मिशा पुसायचा आणि मागे निघून जायचा. तिनं दूध वाढवलं. एकदा तर तिनं कमाल केली. आईचा दोरीवर वाळत घातलेला स्वेटर अंगात घातला, आई आंघोळीला गेलेली असताना तिच्या खुर्चीत जाऊन बसली, हात मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेले. मुकादम आला. वास घेतला. मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मावशी म्हणते, त्याच्या चेहऱ्यावर इतकी शंका तिनं कुठल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरही पाहिली नाही. तो गेला. आई टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"ताई, थंडी वाजतेय का तुला?"

"हो," मावशी म्हणाली.

हे असं तीन महिने. मावशी जेवताना कमी बोलायला लागली. आईनं वाढलेली भाजी तिला खारट लागायला लागली. आईनं आपणहून दुकानाचा केर काढला तर "माझी टेप हरवलीस" म्हणून भडकली. आईला कळेना. ती मला फोनवर म्हणाली, "मी इथे जड झालेय का गं ताईला?" मी मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "छे, काहीतरीच काय!"

एक दिवस मावशीच्या स्टुलाची चौथी गादी फाटली. ती ताडकन उठून आत गेली. मुकादम आईच्या मांडीवर.

"तुझ्या मखमलीला एक ओरखडा नाही," मावशी म्हणाली. "बघ. एक नाही. आणि माझं स्टूल बघ."

"अगं, मी काय केलं त्यात?"

"तू काही करत नाहीस चिमे. तू कधीच काही केलं नाहीस. तुला कधी काही करावं लागलंच नाही."

आई उठली. मुकादम खाली पडला आणि पलंगाखाली गेला. दुसऱ्या दिवसापासून आई आपल्या खोलीचं दार लावून बसायला लागली, तो आत येऊ नये म्हणून. तिला वाटलं, भांडण मिटेल. झालं उलटच. मुकादम त्या बंद दाराशी बसून ओरडायचा. सबंध दुपार. मावशी पुढे चुका ठोकायची आणि तो मागे जिच्यासाठी ओरडतोय ती आपण नाही, हे प्रत्येक ओरडण्याला तिला नव्यानं कळायचं.

आठवड्यानं आई चार दिवस माझ्याकडे आली. मला वाटलं बरंच झालं, दोघींना मोकळं वाटेल. मावशी म्हणते, आईची बॅग दाराबाहेर पडली तेव्हा तिला हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटली, पण हलकं जास्त वाटलं.

त्याच संध्याकाळी मुकादम तिच्याकडे आला.

मांडीवर नाही, पण कामाच्या टेबलाखाली कापडाच्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यात तिच्या पायांना लागून येऊन बसला. मावशीनं श्वास रोखून हात खाली नेला. तो पळाला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो घुरघुरायला लागला. एवढ्या जोरात की तिच्या तळपायाला कळत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा. तिनं हातोडी बाजूला ठेवली आणि चुका तोंडातून काढून डबीत टाकल्या. तशीच वाकून बसली, कंबर मोडेस्तोवर.

दुसऱ्या दिवशीही तो तिथेच. सकाळी दूध दिलं, प्यायला नाही. मासळीला तोंड लावलं नाही. मधूनमधून उठून मागच्या दाराशी वाळूचा ट्रे होता तिथे जायचा, बराच वेळ बसायचा, परत यायचा. परत जायचा. मावशीला वाटलं, पोट साफ होत नाहीये. तिनं दूध कोमट करून पुन्हा पुढे ठेवलं. पण तिचं खरं लक्ष त्या घुरघुरीकडे होतं. हात लावला की सुरू. मांजर घुरघुरतं म्हणजे खूश असतं, हे तर लहान पोरांनाही माहीत असतं.

संध्याकाळी आईनं माझ्या खोलीतून फोन लावला. मी शेजारीच होते.

"ताई, मुकादम कसा आहे?"

"मजेत आहे," मावशी म्हणाली. "माझ्या पायाशीच असतो दिवसभर. घुरघुरतो. तुझी आठवणसुद्धा काढत नाही."

आई हसली. "बरं झालं बाई. जेवतोय ना नीट?"

मावशी म्हणाली, "हो तर. ताट चाटूनपुसून."

मला त्या क्षणाबद्दल नंतर मावशीनं स्वतःहून सांगितलं. ती म्हणाली, "तुझी आई घराबाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं खाणं टाकलं, हे मी तिला कसं सांगणार होते? ते म्हणजे पुन्हा बाबांसारखंच झालं असतं. म्हणून खोटं बोलले. मला त्याची काळजी नव्हती असं नाही. पण हेवा पुढे होता, काळजी मागे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम ओकला. मावशीनं त्याला उचलायला पोटाखाली हात घातला आणि तो असा किंचाळला की समोरचा शिंपी मशीन थांबवून धावत आला. पोट दगडासारखं टणक लागत होतं. शिंपी म्हणाला, "राहू द्या ताई, पडून राहील, आपलं आपण..." मावशीनं त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. एका उशीच्या अभ्र्यात त्याला गुंडाळला, दुकान तसंच उघडं टाकलं आणि चार चौक पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात चालत, खरं म्हणजे पळत गेली.

डॉक्टरीण तरुण होती, बाह्या दुमडलेल्या. तिनं पोट चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लघवी शेवटची कधी केली?"

"माहीत नाही."

"घरी कोण असतं याच्याजवळ?"

"मीच. दोन दिवस सारखी मीच आहे. तो माझ्या पायाशीच होता. घुरघुरत होता हो, अगदी आनंदात..."

डॉक्टरीण म्हणाली, "ताई, मांजर दुखत असतानाही घुरघुरतं. घाबरलं असताना, मरायला टेकलेलं असतानासुद्धा. स्वतःला धीर देत असतं म्हणा हवं तर. बोक्याची लघवीची वाट तुंबली की चोवीस, अठ्ठेचाळीस तासांत खेळ संपतो. याला आत्ता भूल देऊन नळी घालावी लागेल. वाचेल असं वाटतंय. पण वचन देत नाही."

मावशी बाहेरच्या बाकावर बसली. बाकाचं रेक्झीन फाटलेलं होतं, आतला फोम दिसत होता. ती म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा तिनं फाटलेल्या गोष्टीकडे बघून तिला दुरुस्त कसं करायचं याचा विचार केला नाही. ती एकच विचार करत होती. तो माझ्याकडे आला नव्हता. टेबलाखाली अंधार होता. आजारी जनावराला लपायला जागा हवी होती आणि मी तिथे बसलेले होते, इतकंच.

तासाभरानं डॉक्टरीण हात पुसत बाहेर आली. नळी बसली होती. तीन दिवस इथेच ठेवावं लागणार. मग ती एकेक विचारत गेली आणि कागदावर लिहीत गेली. काय खातो? मासळी. पाणी? पाणी कमीच पितो, दूध पितो. "दूध बंद," डॉक्टरीण म्हणाली. "मोठ्या मांजरांना ते बहुतेक पचत नाही. पाणी तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्यापासून लांब. ओलं खाणं द्या." घरात काही बदल झालाय अलीकडे? नवं माणूस? एखादी खोली बंद? मावशी प्रत्येकाला होकारार्थी मान डोलावत राहिली. ताणानंही होतं हे, डॉक्टरीण म्हणाली.

"नखं कुठे मारतो?"

"माझ्या स्टुलावर," मावशी म्हणाली. "फक्त माझ्या. माझ्यावर राग आहे त्याचा."

डॉक्टरिणीनं मान वर केली. "राग? मांजर सूडबिड घेत नाही हो. पंज्यांत वास असतो त्यांच्या. ज्या जागेला आपली म्हणायचं, जिथे आपल्या माणसाचा वास मुरलेला असतो, तिथे आपलाही लावून ठेवतात. तुमचं स्टूल त्यानं आपलं मानलंय."

"म्हणजे... त्याची माया आहे माझ्यावर?"

"माया मला तपासता येत नाही, ताई. पण जे नकोसं असतं त्याच्या जवळ ते असं रोज जात नाहीत." मग तिनं मावशीचे हात पाहिले, ओरखड्यांनी भरलेले. "त्याच्या पोटाला हात लावता ना तुम्ही? आणि डोळ्यांत बघता? बघू नका. पोट दाखवतो म्हणजे चोळा असं म्हणत नाही. आणि रोखून बघणारा त्यांना भांडायला आल्यासारखा वाटतो. जो त्यांच्याकडे लक्ष देत नाही, त्याच्याकडे ते आधी जातात. साधी गोष्ट आहे."

दवाखान्याच्या दारातूनच मावशीनं आईला फोन केला. "चिमे, ये. मी खोटं बोलले." आईच्या हातातून फोन मी घेतला आणि दवाखान्याचं सगळं विचारून घेतलं. मग आम्ही दोघी मिळेल त्या गाडीनं निघालो.

दुपारी पोचलो तेव्हा मावशी दुकानात फाटक्या स्टुलावर बसली होती. आईनं बॅग खाली ठेवली. आई तशी रागावणारी नाही, पण त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा तसं पाहिलं.

"मी विचारलं होतं तुला. जेवतोय का म्हणून विचारलं होतं. हो म्हणालीस."

"हो म्हणाले."

"का?"

मावशीनं खाली बघून सगळं सांगितलं. मांडी, मासळी, स्वेटर. स्वेटरचं ऐकून मला हसू आलं, पण आईकडे बघून मी ते गिळलं. आणि मग मांजरावरून ती तिच्या नकळत आजोबांवर आली. "तीन वर्षं, चिमे. तीन वर्षं मी त्यांना कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. आणि ते दरवाजाकडे बघायचे. तू यायचीस, चार दिवस बसायचीस आणि त्यांचा चेहरा उजळायचा. माझ्यासाठी एकदा तरी उजळला असता तर काय बिघडलं असतं?"

आई पलीकडच्या एका उघड्या सोफ्याच्या सांगाड्यावर बसली, स्प्रिंगांवरच.

"एकदा तू बाजारात गेली होतीस," ती म्हणाली. "बाबांना कूस बदलायची होती. मी हात लावला तर त्यांनी अंग आकसून घेतलं. म्हणाले, थांब, ताई येऊ दे. अर्धा तास दुखत पडून राहिले, पण मला हात लावू दिला नाही. माझ्याशी हसायचे ते पाहुण्याशी हसतात तसं. ताई, मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला तुझा इतका हेवा वाटला की तू परत आल्यावर तुझ्याशी नीट बोललेही नाही. तुला आठवत नसेल."

"आठवतं," मावशी म्हणाली. "मला वाटलं, तुला वास सहन होत नाही."

त्यानंतर दोघी गळ्यात पडल्या वगैरे काही नाही. आई म्हणाली, "आणि तरी खोटं बोलायला नको होतंस. तो मेला असता." मावशी म्हणाली, "हो." मी चहा केला. तो कोणी प्यायला नाही.

मुकादम चौथ्या दिवशी घरी आला, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, अंगाला औषधाचा वास. पंधरा दिवस रोज दोनदा गोळी द्यायची होती. मांजराला गोळी देणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी त्याचा शत्रू होणं. आई म्हणाली मी धरते, तू घाल. मावशी नको म्हणाली. "तू धरलंस तर तुझ्यापासूनही लांब जाईल. त्याला एक जागा राहू दे." आणि तिनं एकटीनं, त्या कसलेल्या हातांनी, तीस गोळ्या त्याच्या घशात घातल्या. तो तिला पाहिलं की कपाटावर चढायचा. ती गोळी घालायची, दोन पावलं मागे सरायची आणि तोंड दुसरीकडे करायची, डोळ्यांत न बघता. तिला फार जड जायचं ते. बघायची सवय होती ना.

याला आता दोन वर्षं झाली. मुकादम ठणठणीत आहे. घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी आहेत आणि येणारा-जाणारा एकदा तरी एखाद्यात पाय घालतो. शिंप्याला मावशीनं मांजरांविषयी बोलायची कायमची बंदी घातली आहे. आईच्या खोलीचं दार उघडं असतं. आई मावशीच्या हाताखाली कापड बेतायला शिकली. बरं बेतते, मावशीच्या मते "पहिल्यापेक्षा बरं".

हेवा गेलाय का, असं मी मावशीला विचारलं होतं. "नाही," ती म्हणाली. "आता मोठ्यानं सांगते, एवढंच." आणि खरंच सांगते. मुकादम आईच्या मांडीवर चढला की पुढून आवाज येतो, "चिमे, मला हेवा वाटतोय गं!" आणि आई मागून ओरडते, "वाटू दे!"

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली, गेल्या खेपेला आठ दिवस राहिले तेव्हा. रोज संध्याकाळी साडेपाचला, मावशी हात धुऊन आत येते त्याच्या थोडं आधी, आई चपला घालून फिरायला जाते. तासभर. मुकादम थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघतो, घरात एक फेरी मारतो आणि शेवटी येऊन मावशीपासून वीतभर अंतरावर बसतो, तिच्याकडे पाठ करून. मावशी भिंतीकडे बघत असते. तिचा हात पलंगावर उताणा पडलेला असतो आणि ती तो हलवत नाही.

आईला फिरायला जायची आवड कधीच नव्हती. गुडघे दुखतात तिचे. एकदा भुरभुर पाऊस होता, मी म्हटलं, आज राहू दे ना. तर म्हणाली, "नको, डॉक्टरांनी सांगितलंय चालायला." कुठल्या डॉक्टरांनी, ते मी विचारलं नाही. ती छत्री उघडून गेली आणि मी खिडकी लावून घेतली, मावशीला गार वारा लागू नये म्हणून.